अवघड जागेचं दुखणं

माझा भाचा सव्वीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या वृषणात कॅन्सरची गाठ निघाली. तीन महिने त्याने लाजेपोटी कुणाला सांगितलं नाही. मग गावातल्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग समजून महिनाभर गोळ्या दिल्या. पुढे मुंबईत वृषण काढलं, बीईपी (ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन ही तीन औषधं) केमोच्या तीन सायकली झाल्या. आज पोरगा ठणठणीत आहे आणि साताऱ्यात त्याच्यासाठी स्थळं बघताहेत. फोन केला की एकच वाद कानावर येतो: मुलीकडच्यांना सांगायचं का? ताई म्हणते, "बरा झालाय ना, मग कशाला उकरून काढायचं?" दाजी म्हणतात, उद्या कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

ताईचं "बरा झालाय" खरंच आहे. 1974 साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी या कॅन्सरवर सिस्प्लॅटिन वापरायला सुरुवात केली. त्याआधी पसरलेल्या आजारात बहुतेक तरुण दगावत. आज सगळे रुग्ण मिळून शंभरातले पंचाण्णवच्या आसपास वाचतात. क्रिकेटपटू युवराज सिंगची गाठ छातीत होती, पण कॅन्सरची जात हीच. 2012 मध्ये तोही आइनहॉर्न यांच्याकडेच बरा होऊन परतला.

पण बरं झाल्यानंतरचं आयुष्य मी इथे ओस्लोत रोज बघतो. माझ्या एका सहकाऱ्याला वीस वर्षांपूर्वी हाच आजार झाला होता. त्याने जेवणाच्या टेबलावर, ब्राऊन चीजचा पाव खाता खाता, मला ते सहज सांगितलं. हिवाळ्यात ट्रामची वाट बघताना हातमोजे काढले की त्याची बोटं खडूसारखी पांढरी पडतात. कानात सतत रातकिडे ओरडतात. सिस्प्लॅटिनमधलं प्लॅटिनम रक्तात वर्षानुवर्षं सापडतं. पुढे रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाच्या तक्रारी, टेस्टोस्टेरॉनची कमतरता, क्वचित दुसरा कॅन्सर, यांचा धोका राहतो. ब्लिओमायसिनचा फटका फुप्फुसांना बसू शकतो.

इथली माणसं आपल्यापेक्षा मोठ्या मनाची आहेत असं मला म्हणायचं नाही. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये या आजाराचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे, आपल्याकडे लाखात एकही नाही. म्हणून इथे मोकळेपणा आहे. पण त्याचा उपयोग मात्र होतो: प्रत्येकाला नेमून दिलेला फॅमिली डॉक्टर असतो आणि त्याच्याकडे जुनी नोंद असते. माझ्या सहकाऱ्याचा रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी आधी त्याची केमो लक्षात घेतली.

भाच्याच्या डॉक्टरांना हे कोण सांगणार? लग्नासाठी झाकलेली गोष्ट चाळिशीत छातीत कळ आल्यावरही झाकलेलीच राहते. बायकोलाच ठाऊक नसेल तर दवाखान्यात बोलणार कोण?

केमोच्या आधी मी फोनवर विचारलं होतं, "शुक्राणू गोठवून ठेवले का?" पलीकडे शांतता. डॉक्टरांनी सुचवलं होतं, पण घरात तो विषय कुणी काढेना. शेवटी पोरगा एकटाच रिक्षाने जाऊन ठेवून आला. केमोनंतर बऱ्याच जणांची प्रजननक्षमता परत येते, पण सगळ्यांची नाही. हेही होणाऱ्या बायकोला आधी कळायला हवं. तो तिचा हक्क आहे.

मी दाजींच्या बाजूने आहे, पण पाहुण्यांत तोंड दाखवायची चिंता म्हणून नव्हे. परवा भाचा म्हणाला, "मामा, माझी फाइल आईने कपाटात साड्यांखाली ठेवलीय." मी डिसेंबरमध्ये येतोय. किती सायकली, कुठल्या औषधाचा किती डोस, सगळ्या पानांचे फोटो काढून त्याच्या मोबाइलमध्ये ठेवायचेत. ताईशी मी आधी बोलेन.