कर्ज नसेल तर आधी कर्ज काढा

महामारीनंतर धंदा कसा सावरावा, असं लोक मला विचारतात. सांगलीत हरभट रोडवर माझं भडंगाचं दुकान आहे आणि ते अजून उघडं आहे. अर्थतज्ज्ञ व्हायला हल्ली एवढं पुरतं.

तर पहिलं काम, वडिलांनी शिकवलेलं विसरा. आमचे दादा म्हणायचे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. त्यांचं ऐकलं आणि फसलो. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णामाई 57 फुटांवर गेली तेव्हा चुरमुऱ्यांची पोतीच्या पोती गेली. बायकोच्या पाटल्या मोडल्या, पण कर्ज काढलं नाही. काय हा कर्मदरिद्रीपणा!

कारण मे 2020 मध्ये वीस लाख कोटींचं पॅकेज आलं. दोनावर तेरा शून्यं. पुडीच्या कागदावर मांडायला गेलो तर शेवटची दोन गल्ल्यावर लिहावी लागली. 13 ते 17 मे, पाच दिवस निर्मला सीतारामन टीव्हीवर ते उलगडून सांगत होत्या. त्यात छोट्या धंद्यांना तीन लाख कोटींचं विनातारण कर्ज, हमी सरकारची. मी इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेलो.

साहेबांनी विचारलं, "29 फेब्रुवारी 2020 ला तुमच्याकडं कर्जाची बाकी किती होती?"

मी छाती फुगवून म्हणालो, "एक रुपया नाही, साहेब."

साहेबांचा चेहरा पडला. त्या तारखेला जी बाकी असेल, तिच्या 20 टक्के नवं कर्ज मिळणार होतं. शून्याचे वीस टक्के दादांनासुद्धा तोंडी आले असते.

म्हणून म्हणतो, कर्ज हवंच. मात्र ते थकलेलं नको. शेजारच्या कापडवाल्यानं पुरानंतर शहाण्यासारखं कर्ज काढलं होतं. त्याचे हप्ते 60 दिवसांपेक्षा जास्त थकले होते, म्हणून तोही बाहेर. बुडालेला तर हवा, पण अंग कोरडं हवं! त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर आम्ही एका चहाचे दोन केले. त्याला देणं फिटत नव्हतं म्हणून मिळालं नाही, मला देणंच नव्हतं म्हणून मिळालं नाही.

दुसरं, मोठं व्हायच्या नादाला लागू नका. पूर्वी कारखान्याच्या यंत्रांत 25 लाखांपर्यंत गुंतवणूक असली तर तो 'सूक्ष्म' उद्योग. 1 जुलै 2020 ला ही मर्यादा वाढली, गुंतवणूक एक कोटीपर्यंत आणि उलाढाल पाच कोटींपर्यंत असली तरी सूक्ष्मच ठरलं; 2025 मध्ये ती आणखी वाढली. कुपवाडच्या एमआयडीसीतले कितीतरी जण रात्री लघु म्हणून झोपले आणि सकाळी सूक्ष्म होऊन उठले. आता एक कढई, दोन झारे असलेला मी आणि ते, सरकारदरबारी भाऊभाऊ. साहेबांच्या केबिनमध्ये खुर्ची मात्र थोरल्यालाच मिळते.

हातगाडीवाल्यांचं तर 2020 मध्ये सोन्यासारखं झालं. दहा हजारांचं कर्ज, वर मोबाईलवरून पैसे घेतले तर महिन्याला 100 रुपयांपर्यंत परत. अट एवढीच होती की व्यवहार 25 रुपयांच्या खालचा नको. कोपऱ्यावरच्या भेळवाल्याची भेळ वीस रुपयांची. तेव्हापासून तो गिऱ्हाइकाला दीड भेळ खाऊन जा म्हणतो.

जुलै 2021 मध्ये पाणी परत पेठेत आलं. माझ्या भिंतीवर आता दोन रेषा आहेत. कापडवाला त्यांना उद्योगवाढीचा आलेख म्हणतो. मागच्या आठवड्यात मी पुन्हा त्याच बँकेत गेलो आणि कर्ज मागितलं. साहेब म्हणाले, "कशासाठी?" म्हटलं, "पुढच्या कर्जाला पात्र व्हायला."

तुम्हीही तयारीला लागा. पुढची 29 फेब्रुवारी 2028 मध्ये येतेय. मंगळवार आहे. आधी गणपतीला जाऊन या, मग बँकेत. आणि दादांसारखं कुणी घरात असेल तर त्यांना काही बोलू नका.