कार्ड राज्याचे, धोका केंद्राचा

गांजाच्या औषधी वापराचा विषय भारतात निघाला की दोन बाजू आधीच ठरलेल्या असतात. एकीकडे २०२१ मधील मुंबईच्या क्रूझ प्रकरणासारख्या बातम्यांनी पोसलेली भीती असते. दुसरीकडे उत्तराखंडने २०१८ पासून औद्योगिक भांगेच्या लागवडीला दिलेले परवाने आणि हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने २०२४ मध्ये नियंत्रित लागवडीच्या बाजूने केलेला ठराव यांचे दाखले देत महाराष्ट्राने मागे का राहावे, असे विचारणारे असतात. ही दुसरी बाजू अखेरीस अमेरिकेकडे बोट दाखवते: तिथे राज्यच रुग्णाला औषधी गांजा विकत घेण्याचे कार्ड देते, मग आपल्या राज्याला काय अडचण आहे? मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि हे कार्ड घेणारी तसेच घ्यायला कचरणारी माणसे जवळून पाहतो. रुग्णाला गांजापासून बनवलेले औषध मिळावे असे मलाही वाटते, पण या कार्डाची नक्कल महाराष्ट्राने करू नये, असे माझे मत आहे.

कार्ड मिळवण्याची रीत अवघड नाही. पेनसिल्व्हेनियाचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि प्रत्यक्ष विक्री २०१८ मध्ये सुरू झाली. रुग्णाने प्रथम राज्याच्या आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची असते, आणि तिथे दिलेले नाव व पत्ता राज्याच्या ड्रायव्हिंग लायसन्सशी किंवा ओळखपत्राशी तंतोतंत जुळावा लागतो. (ज्यांच्या पासपोर्टावर वडिलांचे नाव मधल्या रकान्यात आणि लायसन्सवर आडनावाला चिकटून आले आहे, अशा मराठी माणसांना येथील सरकारी नोंदींचा हा छळ परिचयाचा आहे.) त्यानंतर चार तासांचे ठरावीक प्रशिक्षण घेऊन राज्याकडे नोंदलेल्या डॉक्टरकडे जावे लागते. कर्करोग, अपस्मार, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, दीर्घकालीन तीव्र वेदना अशा राज्याने ठरवलेल्या आजारांपैकी एखादा आपल्याला आहे, हे त्या डॉक्टरने प्रमाणित करायचे असते. चिंताविकाराचा समावेश या यादीत २०१९ मध्ये झाला. मग पन्नास डॉलर शुल्क भरले की कार्ड टपालाने घरी येते. गरिबांसाठीच्या काही सरकारी योजनांतील लाभार्थ्यांना या शुल्कात सवलत आहे. डॉक्टरची फी मात्र खिशातून जाते आणि पुढे मालाचा खर्चही आरोग्यविमा देत नाही. प्रमाणपत्राची मुदत फार तर एक वर्षाची असते, त्यामुळे हा खर्च दरवर्षी नव्याने उभा राहतो.

इथपर्यंत सगळे शिस्तीचे दिसते. पण डॉक्टरने नेमके काय केले ते पाहिले पाहिजे. नेहमीच्या औषधाची लिहितो तशी चिठ्ठी त्याला लिहिता येत नाही, कारण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या १९७० च्या कायद्याने गांजा पहिल्या परिशिष्टात, म्हणजे मान्य वैद्यकीय उपयोग नसलेल्या पदार्थांत घातला. म्हणून डॉक्टर केवळ रुग्णाची पात्रता प्रमाणित करतो. कोणता अर्क, किती आणि दिवसातून किती वेळा, हे बहुतेक वेळा डिस्पेन्सरीच्या, म्हणजे औषधी गांजा विकणाऱ्या परवानाधारक दुकानाच्या, काउंटरवर ठरते. पेनसिल्व्हेनियाने फार्मासिस्टचा सल्ला उपलब्ध असण्याची अट घातली आहे, हे त्यातल्या त्यात बरे. वाळलेला गांजा यंत्रात तापवून त्याची वाफ घेता येते, तो पेटवून ओढता येत नाही, असाही नियम आहे; घराचे दार लावल्यावर तो कोण पाळतो, हे विचारू नये.

खरी मेख इथे राहणाऱ्या, पण नागरिक नसलेल्या माणसाच्या बाबतीत आहे. एच-१बी व्हिसावरील अभियंता किंवा मुलाकडे कायमचे राहायला आलेली, ग्रीन कार्डधारक आई राज्याच्या दृष्टीने पात्र ठरू शकते. पण स्थलांतराचा कायदा सर्वस्वी केंद्राचा आहे. राज्यात कायदेशीर असलेला गांजाचा वापरही नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या नैतिक चारित्र्या’च्या आड येऊ शकतो, हे केंद्राच्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केले. विमानतळावरील अधिकाऱ्याला दिलेली प्रामाणिक कबुलीदेखील प्रवेश नाकारण्यास कारण ठरू शकते. म्हणून केमोथेरपीने हैराण झालेल्या आईसाठी कार्ड काढावे का, हे आमच्या ओळखीतील कुटुंबे डॉक्टरला विचारण्याआधी वकिलाला विचारतात. केंद्राने २०२४ मध्ये गांजा कमी कडक अशा तिसऱ्या परिशिष्टात हलवण्याचा प्रस्ताव मांडला, पण तेवढ्याने तो नियंत्रित पदार्थांच्या यादीतून बाहेर पडत नाही, आणि स्थलांतराचा कायदा त्या यादीकडेच पाहतो.

नागरिकांचीही पूर्ण सुटका नाही. वाहन चालवताना रक्तात गांजाचा अंश सापडला तर नशा होती की नव्हती हे न पाहता पेनसिल्व्हेनियाच्या वाहतूक कायद्याने खटला होऊ शकतो, आणि कार्डधारकांवर असे खटले झालेही आहेत. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून न्यू जर्सीत तोच माल नेला, तर केंद्राच्या कायद्याचा भंग होतो, मग दोन्ही राज्यांत वैद्यकीय गांजा कायदेशीर असला तरी. एकूण पाहता हे कार्ड म्हणजे राज्य आणि केंद्र यांच्यात न मिटलेल्या भांडणाची पावती आहे, आणि ती बाळगण्याची जबाबदारी रुग्णावर टाकलेली आहे.

भारताला हे भांडण विकत घेण्याचे कारण नाही. आपला अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा एनडीपीएस कायदा केंद्राचा आहे. त्याच्या आठव्या कलमात वैद्यकीय आणि वैज्ञानिक उपयोगाचा अपवाद मुळातच आहे. गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने आणि बिया वगळल्या आहेत, आणि म्हणूनच भांगेच्या पानांपासून बनवलेली आयुर्वेदिक औषधे आजही चिठ्ठीवर विकली जातात. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजा सर्वांत कडक यादीतून काढला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले होते.

शिवाय राज्यागणिक परवान्यांचा अनुभव आपण घेऊन चुकलो आहोत. मॉर्फीनसाठी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असल्याने, रुग्णालयांना अनेक परवाने जमवावे लागत आणि कर्करोगाचे रुग्ण त्यापायी वेदनेत तळमळत राहत. संसदेने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून अत्यावश्यक वेदनाशामकांचे नियम देशभर एकसारखे केले ते यासाठीच. गांजाच्या औषधांनाही हीच वाट लागू पडते. अमेरिकेतही कार्डाशिवाय मिळणारी अशी औषधे आहेत: केमोथेरपीतील मळमळीसाठी १९८५ मध्ये मान्यता मिळालेले ड्रोनाबिनॉल आणि अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी २०१८ मध्ये मान्य झालेले कॅनाबिडिऑलचे द्रावण. ती मात्रा लिहिलेल्या चिठ्ठीवर औषध दुकानातून मिळतात. अशा औषधांच्या चाचण्या आणि मान्यता केंद्रीय औषध नियंत्रकाकडे मागण्याऐवजी मुंबईच्या मंत्रालयाकडे कार्ड मागणे, म्हणजे रुग्णासाठी लांबचा आणि अधिक धोक्याचा रस्ता निवडणे होईल.