जबड्यातल्या इंजेक्शनने दात खाणं ‘कायमचं बंद’ होत नाही

“जबड्याला दोन्ही बाजूंनी बोटॉक्स टोचून घ्या. झोपेत दात खाणं कायमचं बंद, चेहराही निमुळता, धोका शून्य.” हा सल्ला सध्या हातोहात पुढे पाठवला जातोय. वाचून काळजी वाटली, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ‘बंद’. झोपेत दात खाण्याचा हुकूम मेंदूतून सुटतो. झोप क्षणभर चाळवते, हृदयाची धडधड वाढते आणि पाठोपाठ जबडा कराकरा चालू लागतो. बोटॉक्समधलं औषध, बोटुलिनम टॉक्सिन, यातल्या अगदी शेवटच्या टप्प्यावर काम करतं. ते मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटाइलकोलिन (स्नायूला आवळण्याचा निरोप देणारं रसायन) सुटू देत नाही, त्यामुळे मॅसेटर या चावण्याच्या स्नायूला पुरता जोर लावता येत नाही. झोपेतल्या नोंदी तपासल्या, तर दात खाण्याचे झटके साधारण तितकेच राहून त्यांची ताकद तेवढी घटलेली दिसते. सकाळी कानशिलं ठणकत असतील, दाढा घासून सपाट झाल्या असतील, तर तेवढ्यानेही आराम पडू शकतो. हे मी नाकारत नाही. पण मूळ कारण तसंच राहतं. ते ताण, कॉफी, दारू, सिगारेट किंवा नैराश्यावरची काही औषधं यांत असू शकतं (ही औषधं मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला). मला खरी धास्ती आहे ती घोरणाऱ्यांची. दात खाण्यासोबत स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास वारंवार अडकण्याचा आजार) असेल आणि जबडा शांत झाला म्हणून तपासणीच राहून गेली, तर रात्री श्वास अडकतच राहणार.

‘कायमचं’ तर साफ चूक. तीन-चार महिन्यांत मज्जातंतू पुन्हा कामाला लागतात.

‘निमुळता चेहरा’ कोणाचा? कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर दोन बोटं ठेवा आणि दात घट्ट आवळा. टणक, जाड गोळा बोटांखाली वर आला, तर रुंदीत स्नायूचा वाटा आहे. तो बारीक व्हायला महिना-दोन महिने लागतात. रुंदी हाडाची किंवा चरबीची असेल, तर या इंजेक्शनने फरक पडणार नाही. त्वचा सैल असेल, तर गाल उलट ओघळलेले दिसू शकतात.

राहिलं ‘धोका शून्य’. हसण्याचा एक स्नायू मॅसेटरला लागूनच असतो. औषध तिथे पसरलं की हसू काही आठवडे वाकडं होतं. कडक घास चावताना जबडा थकतो. कधी चावताना गालावर उंचवटा फुगतो. वारंवार घेतल्यास जबड्याच्या हाडाची झीज होते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने 2002 मध्ये बोटॉक्सला भुवयांमधल्या आठ्यांसाठी मंजुरी दिली, दात खाण्यासाठी दिलेली नाही. गरोदर असाल किंवा मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायू दुबळे करणारा आजार असेल, तर टोचणाऱ्याला आधीच सांगा. आणि इंजेक्शननंतर गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, मग तो काही तासांनी असो वा काही आठवड्यांनी, तर थेट इस्पितळ गाठा.