पांढऱ्याचा रवा

प्लास्टिकची छोटी मॉडेल विमानं रंगवताना लाल, हिरवा, काळा हे समजूतदार रंग. एअरब्रशच्या, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाच्या, कपात ओता, ट्रिगर मागे ओढा, गुमान बसतात. पांढरा म्हणजे मुलाकडचा काका. आधी पातळ होत नाही, मग सारखा पसरत नाही आणि चुकीच्या जागी बसला की उठत नाही.

दोष टायटॅनियम डायऑक्साइडचा. हे रंगद्रव्य जड. बाटलीच्या तळाशी गाळ धरतं. त्यामुळे नुसतं हलवून भागत नाही, काडीने तळ खरवडून ढवळावं लागतं. त्यात अ‍ॅक्रिलिक भराभर वाळतं. सुईच्या टोकावर गुठळी होते आणि सुटते ती नेमकी बोइंग 747च्या नाकावर.

इंदूरच्या मे महिन्यातली दुपार तर विचारूच नका. रंग हवेतच वाळतो आणि मॉडेलवर रवा पडतो. हात फिरवला तर उपम्याची आठवण यावी! म्हणून मी शब-ए-मालवाचा, म्हणजे माळव्याच्या गार रात्रीचा, आसरा घेतो. गाव सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात जिलबी खात असतं तेव्हा मी गच्चीवर थेंब मोजतो: पाण्यावरच्या अ‍ॅक्रिलिकचे 10, त्याच्याच थिनरचे 8 ते 10, वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचा 1. रिटार्डरचे तीन पडले तर विमान दोन दिवस चिकट. मिश्रण दुधाइतकं पातळ हवं. सायीचे तुकडे दिसले तर गाळून घ्यायचं. सुई 0.4 किंवा 0.5 मिलिमीटरची, दाब 15 पीएसआयच्या आसपास, अंतर सात-आठ सेंटिमीटर. दर दोन-तीन मिनिटांनी थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टोक पुसायचं.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, फिकट करडा. काळ्यावर पांढरा चढवणाऱ्याला माझा दंडवत. पहिला हात इतका विरळ की काही केलंय असं वाटूच नये. इथेच हात शिवशिवतो. एका दमात झाकायला गेलात की रंग कडांवरून ओघळून पॅनेलच्या रेघांत साचतो. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग दुसरा, असे चार-पाच. तरी रवा राहिलाच तर दिवसभर वाळू द्यायचं आणि 2000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलकेच फिरवायचा.

2017पासून सलग सात वर्षं देशात स्वच्छतेचा पहिला नंबर पटकावलेल्या या शहरात ओल्या पंखावर केस कुठून येतो, देव जाणे. वाळेपर्यंत त्याला चिमटा लावू नये.

घरच्यांचा प्रश्न ठरलेला: "डब्यातून निघालं तेव्हाही पांढरंच होतं ना?" कोऱ्या प्लास्टिकमधून उजेड आरपार जातो, हे मी दर खेपेला विमान बल्बसमोर धरून दाखवतो. ओल्या पंखावर अंगठा उमटतो तो तेव्हाच.