बिनफुलाची वेणी

ठाण्यात घोडबंदर रोडच्या कडेला कुठल्याही नर्सरीत जा आणि पट्ट्यासारखी पानं असलेल्या, फूल नसलेल्या आमरीकडे, म्हणजे ऑर्किडकडे, बोट दाखवून नाव विचारा. उत्तर ठरलेलं: "वांडा." शेजारच्या टोपलीतलं? "तेही वांडाच. निळं पाहिजे की गुलाबी?" फूलच नाही तर रंग कळला कसा, हे विचारायचं नसतं. भाव वाढतो.

मला हवी असते सीतेची वेणी. आसामात हिला कोपौ फूल म्हणतात. राज्यफूलच ते, बिहूला बायका केसांत माळतात. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. रेटुसा म्हणजे टोकाला बोथट. पानाचं टोक उंदरानं कुरतडल्यासारखं, कमीजास्त दातांचं असतं. पण तेवढ्यावर पेढे वाटू नयेत. एरिडिस मॅक्युलोसा या दुसऱ्या आमरीचं टोक तसंच, आपल्याकडे आंब्यावर वाढणाऱ्या वांडा टेसेलाटाचंही तसंच. सगळ्या जणी एकाच न्हाव्याकडे जाऊन आलेल्या. वेणीची पानं जाड, पन्हळीसारखी, त्यांवर बहुधा फिकट उभ्या रेषा. टेसेलाटाची पानं अरुंद. यावरून अंदाज बांधावा, पैज लावू नये. खरं उत्तर फुलातच, म्हणजे मे-जूनपर्यंत झाड जगवणं आलं. आणि जगवायला अख्खी सोसायटी मदतीला येते, हाच घोटाळा.

पहिल्या काकू म्हणतात, "अगंबाई, मुळं उघडी पडलीत! माती घाला की." माती घातली की महिन्याभरात मुळं सडतात. ही आमरी झाडाच्या सालीवर राहणारी. तिच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. १५ सेंटीमीटरची लाकडी पट्ट्यांची टोपली घ्यावी आणि लाकडी कोळशाचे सुपारीहून मोठे तुकडे धुऊन त्यात सैल भरावेत. कोळसा इस्त्रीवाल्याकडे मिळतो, तो "चहा करणार का?" असं विचारतो. नाहीतर आंब्याच्या सालपटावर रोप सुतळीनं बांधावं. सुतळी कुजेपर्यंत मुळं स्वतःच पकड घेतात.

पाण्याचं वेळापत्रक मुळांनाच विचारावं. कोरडं मूळ चंदेरी दिसतं, भिजलं की पाहता पाहता हिरवं होतं. चंदेरी असेल तर पाणी, हिरवं असेल तर गप्प. एप्रिल-मेमध्ये सालपटावरच्या रोपाला दिवसातून दोनदा, थंडीत दोन दिवसांआड पुरतं. टँकरचं पाणी बहुधा जड असतं. मुळांवर पांढरा थर चढला की समजावं. मग पावसाचं साठवलेलं पाणी वापरावं.

जुलैत पाणी ठाण्याचं आभाळच घालतं, तेव्हा काळजी शेंड्याची. या झाडाला एकच शेंडा. पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचलं की तो काळा, मऊ होऊन वास मारतो आणि बहुतेक वेळा झाडही जातं. नशीब असेल तर बाजूनं फुटवा येतो. म्हणून रोप किंचित कलतं टांगावं. डाग दिसला तर ब्लेड ज्योतीवर तापवून सडका भाग कापावा आणि जखमेवर दालचिनीची पूड लावावी. मुळांवर मात्र नको, ती सुकतात. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायीही शोधाव्यात. त्यांना मुळांची कोवळी टोकं आवडतात. खालच्या मजल्यावरचे आपल्याबद्दल काय समजतात ते समजू द्यावं.

दुसऱ्या काकूंचं तांदळाचं धुवण नम्रपणे नाकारावं. ते आंबतं आणि मुंग्या येतात. १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्यानं मुळं भिजवून. जागा पूर्वेची ग्रिल: दोन-तीन तास कोवळं ऊन, नंतर ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी. गर्द हिरवी पानं पाहुण्यांना आवडतात, पण तो अंधाराचा पुरावा आहे. त्यावर फूल यायचं नाही. पान किंचित पिवळसर हिरवं हवं.

येऊरच्या जंगलातून "एक फांदी आणून देतो" म्हणणारे मामा प्रत्येक इमारतीत असतात. राष्ट्रीय उद्यानातून रोप काढणं गुन्हा आहे, आणि ओरबाडलेली मुळं सहसा सावरतही नाहीत. रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्यावं, मग त्याला वांडा म्हणाले तरी चालेल.

मे उजाडतो, पानाच्या बगलेतून दांडा येतो आणि खाली लोंबू लागतो. टेसेलाटा बाद, तिचा दांडा वर उभा राहतो. आता भिंग काढून फुलाच्या ओठामागची, म्हणजे इतरांहून वेगळ्या दिसणाऱ्या पाकळीमागची, पिशवी पाहायची. चपटी आणि मागे वळलेली असेल तर वेणी. शिंगासारखी पुढे, ओठाखाली वळलेली असेल तर एरिडिस. मग रोपाच्या नावाची पाटी शिसपेन्सिलीनंच लिहावी. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते आणि खोडताही येते.