३८ टक्के

आज सकाळी झेरॉक्सच्या दुकानात दादाच्या कागदांचे तीन सेट काढत होते, तर मागे उभ्या एका काकांनी मान वाकडी करून त्याचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट वाचलं आणि म्हणाले, "३८? म्हणजे दोन टक्क्यांसाठी अपील करताय होय!" आणि हसले. मी तिथं गप्प बसले. पण तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून इथं लिहितेय, मोठं होणार आहे, वाचायचं तर वाचा.

अहो काका, ४० च्या आतला माणूस सरकारदरबारी अपंग नसतोच. २०१६ चा कायदा आला, त्यात २१ प्रकार आले, अपंगचं दिव्यांग झालं, मंत्रालयात वेगळा विभाग झाला, सगळं झालं, पण रेघ ४० ला ती ४० लाच. ४० ला एसटीत ७५ टक्के सवलत, ४० ला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. ३८ ला काय? तर "चालतोय की चांगला".

दादाच्या जुन्या कागदी सर्टिफिकेटवर ४५ होते. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, परत मेडिकल बोर्डापुढं उभं केलं आणि पाय सात टक्के सुधारला!! पोलिओचा पाय! जो गेल्या पाच-सहा वर्षांत उलट जास्त थकायला लागलाय, कारण लहानपणापासून जे स्नायू दुप्पट राबले तेच आता दमलेत, हे डॉक्टर लोकांनाच माहीत असतं ना? २०२५ च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांचं अनुदान दीड हजाराचं अडीच हजार झालं, आणि नेमकं ह्याचं बंद. मिक्सर आणि पंखे दुरुस्त करून तो किती कमावतो ते आमच्या गल्लीला माहितीय.

पण राग नुसता बोर्डावर काढून चालणार नाही, कारण त्या दिवशी काय झालं ते मी पाहिलंय. टोकन ८७ होतं. चार तास बाकड्यावर. नंबर पुकारला तसा दादा उठला, काठी माझ्या हातात दिली, म्हणाला "धर जरा, आत कशाला." इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, आणि गेला आत ताठ, मुलगी बघायला निघाल्यासारखा. डॉक्टर म्हणाले चालून दाखवा, चालला. मांडी घालता येते? "येते." उकिडवं? "बसतो की." चार मिनिटांत बाहेर. आणि मी दारात काठी धरून उभी.

"येते" म्हणजे कशी येते ते विचाराल? दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून दुसऱ्याचं सामान ठेवावं तसा जागेवर ठेवतो, मग दुमडतो. उठताना दाराची चौकट नाहीतर माझा खांदा. उकिडवं बसणं तीन वर्षांपूर्वी बंद झालं, कमोडची खुर्ची आणलीय, त्याबद्दल तो घरातसुद्धा बोलत नाही, तर परक्या डॉक्टरला सांगेल?

आणि पायाची टक्केवारी नुसता पाय बघून काढत नाहीत. सांधा किती वाकतो ते मोजतात, स्नायूचा जोर बघतात, शिवाय सपाटीवर चालणं, उतार, जिना, एका पायावर उभं राहणं, उकिडवं, मांडी, गुडघ्यावर बसणं, वळणं, सगळ्याचे पॉइंट असतात. हे मला मागच्या महिन्यात कळलं. म्हणजे ह्यानं मानानं "येते" म्हटलं आणि पॉइंट गेले.

म्हणून काल रात्री हॉलमध्ये उद्याच्या अपिलाच्या तपासणीची तयारी घेतली. मी डॉक्टर. म्हटलं चालून दाखवा. चालला... झकास! मी ओरडलेच, अरे दादा, रोज चालतोस तसा चाल ना! तर म्हणाला, "तू आता मला खोटं बोलायला शिकवणार का?"

काय बोलणार ह्यावर. कारण खोटं आम्हीच शिकवलंय त्याला. आई त्याला पडवीत भिंतीकडेनं फेऱ्या मारायला लावायची, "सरळ चाल, लोक बघतायत." २६ जानेवारीला शाळेत जाताना, लग्नकार्यात, मीसुद्धा म्हटलंय, माझ्या साखरपुड्यात म्हटलंय, दादा जरा सावकाश ये हं, पाहुणे आहेत. १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा तो सोळाचा होता, डोस त्याच्या वाट्याला आलाच नाही, आमच्या वाट्याला आला तो फक्त त्याचा पाय लपवायचा उद्योग. पन्नाशीकडं आलेल्या माणसाला एका रात्रीत कसं सांगायचं की उद्या लंगड, लोक बघतायत?

बोगस सर्टिफिकेटवाले आहेत, मान्य. झेडपीच्या कर्मचाऱ्यांची तपासणी लावलीय, लावा, चांगलंच आहे. एका डॉक्टरपुढं एवढी रांग असल्यावर तोही किती बघणार, तेही मान्य. पण खोटं नाटक करणारा पास होतो आणि सगळं बरं असल्याचं नाटक करणारा नापास, हे कुठलं गणित?

असो. फाईल झाली. जुनं सर्टिफिकेट, नवं सर्टिफिकेट, केसपेपर, एक्सरे, आणि मी पंधरा दिवस लिहिलेली वही: कधी पडला, कशाला धरून उठला, जिन्यात किती वेळा थांबला. वही बघतील की नाही देव जाणे. मंगळवारच्या पानावर त्यानं स्वतःच्या अक्षरात खाली लिहिलंय, "पडलो नाही, घसरलो." आज दुपारी ते वाचून हसले आणि मग भांडी घासत बसले बराच वेळ.

एक गोष्ट मात्र कुठल्याच फॉर्मवर नाही. चालताना तो उजव्या मांडीला हात देऊन गुडघा मागं दाबतो, नाहीतर पाय दुमडतो. त्यामुळे त्याच्या प्रत्येक पँटला उजव्या मांडीवर तळव्याएवढी जागा झिजून चकचकीत झालेली असते. प्रत्येक पँटला. उद्यासाठी त्यानं नवी पँट इस्त्री करून खुंटीला लावली होती. मी ती काढून कपाटात ठेवली आणि जुनी तपकिरी लावली. मघाशी त्यानं बघितलं, काही बोलला नाही, काठी तेवढी स्वतःच दाराशी नेऊन ठेवली.

सकाळी ७:४० ची एसटी आहे. माझं बाई म्हणून अर्धं तिकीट, त्याचं फुल.