'लो हॅझार्ड' म्हणजे मजबूत धरण नव्हे

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज फिरू लागतो: अमेरिकेत छोट्या खाजगी मातीच्या धरणांना 'लो हॅझार्ड' (कमी धोका) वर्ग देतात, म्हणजे ती सुरक्षित. शंभर वर्षं टिकलेल्या बांधाची तपासणी हा मालकाला नुसता ताप.

आधी तो शब्द. धरण किती धडधाकट आहे, हे या वर्गात कुठेच नसतं. त्यात एवढंच पाहतात, की धरण फुटलंच तर खाली कोण सापडेल? माणसं मरतील असं दिसलं तर हाय, जीव जाणार नाही पण रस्ते-वीज-पाण्याचं मोठं नुकसान होईल तर सिग्निफिकंट, जेमतेम नुकसान असेल तर लो. त्यामुळे ठणठणीत धरण 'हाय' असू शकतं आणि पोखरलेलं 'लो'. खाली चार घरं उठली, तर बांधावरचं एक ढेकूळ न हलता वर्ग बदलायला हवा. पण घराला परवानगी देणारा आणि धरणाची नोंदवही ठेवणारा यांची गाठ पडते कधी?

'शंभर वर्षं टिकलं' या मुद्द्याला हवाईतल्या काउआई बेटावरचं 'का लोको' धरण पुरेसं आहे. 1890 च्या सुमारास उसाच्या मळ्यासाठी घातलेला मातीचा बांध, पुढे खाजगी मालकीचा, वर्ग 'लो'. 14 मार्च 2006 च्या पहाटे, आठवडेच्या आठवडे कोसळलेल्या पावसानंतर तो फुटला आणि खालची 7 माणसं गेली. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर काढायची वाट, बुजवला गेला असावा, असं चौकशीत पुढे आलं. मातीच्या धरणात सांडवा म्हणजे जीव. पाणी माथ्यावरून वाहू लागलं की भराव बघता बघता कापला जातो. काँक्रीटची भिंत थोडं सोसते, माती सोसत नाही.

'लहान' म्हणाल, तर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण जेमतेम 12 मीटर उंच होतं. मालक एक बायबल कॉलेज. 6 नोव्हेंबर 1977 च्या मध्यरात्रीनंतर ते फुटलं, कॉलेजच्याच आवारात पाणी घुसलं आणि 39 जण मेले.

राहिला मालकाचा ताप. बांध त्याचा, पण सुटलेलं पाणी सातबारा बघून वाहत नाही.

आपल्याकडे 2021 चा धरण सुरक्षा कायदा खाजगी मालकालाही लागू आहे, पण 15 मीटरपेक्षा उंच धरणांना. 10 ते 15 मीटरमधल्यांना काही अटींवर. त्याखालचा बांध त्यात येतच नाही. (2019 मध्ये कोकणातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा खापर खेकड्यांवर फुटलं होतं. ते तर सरकारी धरण!)

म्हणून वर्ग काहीही असो, पावसात पायथ्याशी जाऊन पाझर बघा. नितळ पाणी झिरपत असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर आतली माती वाहून निघाली आहे. त्याच दिवशी मालकाला आणि तहसीलदारांना कळवा, खालच्या वस्तीलाही.